बाबांच्या छातीत मशीन आहे ना, मग अब्लेशन कशाला?

पत्र लोकमान्य नगर, इंदूरहून आलंय. थोडं छोटं करून देते.

"मावशी, नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे आहेत. २०१३ मध्ये मोठा अटॅक आला, छल्ले (स्टेंट) टाकले, पण पंपिंग ३० टक्केच राहिलं. चार वर्षांपूर्वी छातीत आयसीडी, म्हणजे ठोका धोकादायक बिघडला की शॉक देणारं मशीन बसवलं आणि वर्षभरापासून ठोक्यांचा ताल सांभाळणारी अमिओडॅरोनची गोळी पण चालू आहे. गेल्या महिन्यात एका रात्रीत मशीनने चार शॉक दिले. बाबा पूर्ण शुद्धीत होते. भरती केलं, पाच दिवस आयसीयूत होते. आता डॉक्टर म्हणतात व्हीटी अब्लेशन करून घ्या, म्हणजे ठोका बिघडवणारी हृदयातली जागा आतून जाळून टाकायची. आई म्हणते मशीन आहे ना, मग हे कशाला? आणि आधीच कमकुवत हृदय, त्यात आतून जाळायचं? पुण्याचा भाऊ म्हणतो मुंबईलाच करू. काका म्हणतात काही करू नका, अर्जुनाचा काढा द्या. बाबा काहीच बोलत नाहीत, पण संध्याकाळ झाली की एकटे खोलीत थांबत नाहीत, झोपतात पण खुर्चीतच. ही शेवटची स्टेज आहे का? अब्लेशन झालं की मशीन काढून टाकतात का? आणि बाबा नातीला स्कूटरवर शाळेत सोडायचे, ते परत सुरू करता येईल का? — काळजीतली लेक"

अगं लेकी, आधी जे विचारलंस त्याची सरळ उत्तरं देते मग बाकी बोलू. शेवटची स्टेज नाही. पण हलकं घेण्यासारखंही नाही, एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा असा ठोका बिघडला की डॉक्टर त्याला स्टॉर्म म्हणतात आणि स्टॉर्म येऊन गेलेल्या पेशंटकडे पुढचे काही महिने जास्तच लक्ष ठेवावं लागतं. मशीन काढत नाहीत, अब्लेशन कितीही छान झालं तरी नाही. आणि स्कूटरचं शेवटी सांगते.

मी डॉक्टर नाही हे जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांसाठी परत सांगते, मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयात वायरी घालून तपासणी-उपचार करतात तिथे सिस्टर होते, बरीच वर्षं. तेव्हा बाबांनी करावं की नाही हा निर्णय माझा नाही, पण माझं मत विचारशील तर तुझ्या पत्रात जे लिहिलंय त्यावरून डॉक्टर उगाच सांगत नाहीयेत असं मला वाटतं, आणि हा विषय पुढच्या स्टॉर्मपर्यंत ढकलू नये. मात्र कशासाठी करतोय हे घरातल्या सगळ्यांना नीट कळलेलं असलं पाहिजे, नाहीतर नंतर अपेक्षाभंग होतो आणि मग सगळे डॉक्टरवर चिडतात.

आईंचा प्रश्न खरा तर सगळ्यात चांगला आहे. मशीन आहे मग हे कशाला? तर मशीन रोग बरा करत नाही ना. अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मेला तिथे डाग राहतो, डॉक्टर त्याला स्कार म्हणतात. हा डाग पूर्ण मेलेला असता तर एवढा त्रास नसता झाला, पण त्यात मधेमधे जिवंत स्नायूचे बारीक धागे उरतात आणि त्यातून करंट जातो पण फार हळू जातो. समज राजवाड्याकडे मेन रोड खोदून बंद केलाय आणि बाजूच्या एका अरुंद बोळातून कसंबसं जाता येतंय, एखादा स्कूटरवाला रखडत रखडत बोळातून बाहेर पडतो तोवर बाहेरचा रस्ता परत मोकळा झालेला असतो, मग तो वळसा घालून पुन्हा त्याच बोळात शिरतो, आणि असा गोल गोल फिरतच राहतो. करंट असा फिरायला लागला की हृदयाच्या खालच्या कप्प्यावर वरच्या नैसर्गिक पेसमेकरचा ताबाच राहत नाही, ठोके मिनिटाला दीडशे, दोनशे, कधी त्याहून वर, ही झाली व्हीटी. यातच कधी ताल पार मोडतो, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही, त्याला व्हीएफ म्हणतात, आणि तिथून काही मिनिटांत माणूस जातो.

मशीन काय करतं, तर हे चालू झालं की ओळखतं आणि मोडतं. आधी बहुतेक वेळा भराभर छोटे पेसिंगचे ठोके देऊन फिरणारा करंट तोडायचा प्रयत्न करतं, ते माणसाला कळतही नाही, नाहीच जमलं तर शॉक. (हे मशीन ज्यांनी बनवलं त्या मिशेल मिरोव्स्कींचे गुरू याच प्रकाराने गेले होते, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला आणि १९८० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला माणसात पहिलं मशीन बसलं. सुरुवातीला फार लोकांनी वेड्यात काढलं होतं त्यांना.) म्हणजे त्या रात्री खरी व्हीटीच असेल तर मशीनने बाबांना वाचवलं हे खरं, पण तो बोळ तिथेच आहे, आणि बोळ बंद करायचं काम मशीनचं नाही. ते अब्लेशनचं.

पण थांब, त्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, ते चारही शॉक खऱ्या व्हीटीसाठीच होते का? मशीनच्या मेमरीत सगळं नोंदलेलं असतं, प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने चेक केलं की प्रिंट निघते. कधी वरच्या कप्प्यातला वेगळाच बिघाड असतो किंवा वायर खराब झालेली असते आणि मशीन फसून शॉक देतं, मग उपाय पूर्ण वेगळा. दुसरी, त्या रात्री काही कारण घडलं होतं का? पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी होणं हे फार कॉमन आहे, पाणी काढायच्या गोळ्या चालू असतात, त्यात दोन दिवस जुलाब झाले की संपलंच. ताप, इन्फेक्शन, नवीन ब्लॉकेज, थायरॉइड, मेटोप्रोलॉल-कार्व्हेडिलॉलसारखी गोळी दोनचार दिवस राहून जाणं, यातलं काहीही कारण ठरू शकतं. हे सगळं आयसीयूत बघितलं असेलच, पण डिस्चार्ज समरीत लिहिलंय का बघ, नसेल तर विचार. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर रागावू दे.

आता अमिओडॅरोन. चांगली गोळी आहे, खूप लोकांना तारलंय तिने, पण तिचं बिल शरीराला भरावं लागतं. त्यात आयोडीन भरपूर असतं त्यामुळे थायरॉइड बिघडतो, लिव्हरवर येतं, डोळ्यात कण जमतात, उन्हात कातडी काळवंडते, आणि क्वचित फुप्फुसं खराब होतात ते सगळ्यात वाईट. थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी झालीच पाहिजे, बाबांची शेवटची कधी झाली? कोरडा खोकला किंवा दम नवीन सुरू झाला तर मौसम बदललाय म्हणून सोडून देऊ नका. अजून एक गंमत सांगते जी घरच्यांना कोणी सांगत नाही, ही गोळी व्हीटीचा वेगच कमी करते, आणि वेग मशीनच्या ठरवलेल्या आकड्याखाली गेला तर मशीन ते ओळखतच नाही, बाबांना नुसतं गळून गेल्यासारखं वाटत राहील. म्हणून डोस बदलला की मशीनचं सेटिंग पण बघून घ्यायचं असतं.

आणि मुद्दा हा की बाबांना गोळी चालू असताना स्टॉर्म आला. इथे पुढे दोनच रस्ते उरतात, गोळ्या वाढवायच्या नाहीतर अब्लेशन. नेमका हाच प्रश्न घेऊन एक मोठा अभ्यास झाला, व्हॅनिश नावाचा, २०१६ मध्ये छापून आला. जुना अटॅक, छातीत आयसीडी, गोळी चालू असून व्हीटी येतेय असे २५९ पेशंट, अर्ध्यांना अब्लेशन आणि अर्ध्यांच्या गोळ्या वाढवल्या. पुढे मृत्यू, स्टॉर्म किंवा शॉक यातलं काहीतरी झालं असे लोक अब्लेशनवाल्यांत ५९ टक्के आणि गोळ्यावाल्यांत ६८ टक्के. ज्यांना आधीपासून अमिओडॅरोन चालू होती त्यांच्यात फरक अजून स्पष्ट होता, म्हणजे बाबांसारखेच. पण मृत्यूंच्या आकड्यात दोन्हीकडे फरक नव्हता हे पण वाच. २०२४ मध्ये याचाच दुसरा भाग आला, ४१६ पेशंट, यावेळी सुरुवातीलाच गोळी की सुरुवातीलाच अब्लेशन, तिथेही ६१ विरुद्ध ५१ टक्के असं अब्लेशनच्या बाजूने गेलं.

म्हणून म्हणते की कशासाठी करतोय ते कळायला हवं. आयुष्य वाढेल म्हणून करायचं नाही, तसं अजून कोणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. शॉक कमी व्हावेत, स्टॉर्म परत येऊ नये, गोळीचा डोस जमलं तर कमी करता यावा, आणि बाबांना रात्री पलंगावर झोपता यावं यासाठी करायचं. माझ्या मते हे कारण पुरेसं आहे. अगदी पुरेसं.

प्रोसिजर कशी होते ते सांगते म्हणजे आईंच्या डोळ्यासमोर जे भयंकर चित्र आहे ते जरा खाली येईल. छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून आणि धमनीतून बारीक वायरी, म्हणजे कॅथेटर, वर हृदयात नेतात. आधी इको करून डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना ते बघतात, गुठळी असेल तर पुढे ढकलतात. भूल कधी पूर्ण देतात, कधी नुसतं झोपेचं औषध, पेशंटवर आहे. मशीनचे शॉक तेवढ्यापुरते बंद करतात आणि बाहेरून छातीला पॅड लावून ठेवतात. मग सगळ्यात वेळखाऊ काम, मॅपिंग. कॅथेटरचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीला जागोजागी टेकवत हजारो ठिकाणचं करंट मोजतात आणि कॉम्प्युटरवर हृदयाचा रंगीत थ्रीडी नकाशा तयार होतो, जिथे करंट अर्ध्या मिलिव्होल्टच्या खाली तो पक्का डाग, जिथे दीडच्या वर ती चांगली जागा, आणि मधल्या पट्ट्यात आणि डागाच्या आतल्या बारीक वाटांत चोर लपलेला असतो. तो सापडला की टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सी करंट देतात, तेवढी जागा ५० डिग्रीच्या वर तापते आणि काही मिलिमीटरचा ठिपका कायमचा निकामी होतो. असे बरेच ठिपके द्यावे लागतात. शेवटी पेसिंग करून मुद्दाम व्हीटी आणायचा प्रयत्न करतात, नाही आली की काम झालं. तीन ते सहा तास धर, बाहेर बसलेल्यांचा जीव जातो, डबा घेऊन जा.

आईंना सांग की जे जाळतात तो मुख्यतः आधीच मेलेला भाग आहे, पंपिंग करणारा स्नायू नाही, त्यामुळे "अजून कमकुवत होईल" ही भीती बहुतेक वेळा खरी ठरत नाही.

धोका आहे. लपवत नाही. जांघेत रक्त साकळणं हे सगळ्यात जास्त दिसतं आणि ते निस्तरतं. हृदयाला भोक पडून भोवती रक्त जमणं, लकवा, करंटची मुख्य वाट दुखावणं, हे कमी होतं पण होतं. टोक थंड ठेवायला सलाइन सोडत राहतात ते पाणी कमकुवत हृदयाला झेपलं नाही तर दम लागतो. २०२४ च्या त्या अभ्यासात पहिल्या महिन्यात अब्लेशनवाल्यांतले शंभरात एक गेले आणि साधारण अकरा जणांना काही ना काही कॉम्प्लिकेशन झालं. गोळ्यावाल्यांतही शंभरातल्या एकवीस-बावीस जणांना गोळीचे दुष्परिणाम झाले, तेही त्याच तराजूत ठेव. आणि सगळ्यांची व्हीटी कायमची जात नाही. १२ सेंटरमधल्या दोन हजारांवर पेशंटांचा हिशोब २०१५ मध्ये आला होता, त्यात वर्षभर व्हीटी न आलेले ७० टक्के. म्हणजे दहातल्या तिघांना परत आली. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, तसं झालं तर पहिल्यांदा फसवलं असं समजू नका.

इंदूर की मुंबई यावरून भावाशी भांडू नकोस. शहर नाही, हात बघायचा असतो. डॉक्टरला सरळ विचारा की तुम्ही स्वतः स्कारवाली व्हीटी वर्षाला किती करता? नुसतं अब्लेशन किती करता असं विचारलंत तर आकडा मोठा येईल कारण साध्या एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून येणाऱ्या धडधडीची अब्लेशन खूप होतात, ती तासाभरात आटपतात आणि त्या पेशंटचं हृदय धडधाकट असतं, हे प्रकरण वेगळं आहे. थ्रीडी मॅपिंग आहे का, भूलवाले डॉक्टर पूर्ण वेळ असतात का, आणि त्याच बिल्डिंगमध्ये हार्ट सर्जन आहे का. उत्तरं समाधानकारक असतील तर इथेच करा, घरचं माणूस, घरचा डबा, फॉलोअप सोपा. नसतील तर अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात मुंबई आहेच, अहमदाबाद पण काही लांब नाही, पण स्टॉर्मनंतर बाबा स्थिर असल्याशिवाय आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय प्रवास नको.

आणि हे मात्र उद्याच्या उद्या कर. त्या रात्री इमर्जन्सीत व्हीटी चालू असताना बारा लीडचा ईसीजी काढला असेल तर तो कागद मिळव. तो सोन्याचा कागद आहे, कारण त्या ईसीजीवरून व्हीटी हृदयाच्या कुठल्या भिंतीतून निघतेय याचा ईपीवाल्या, म्हणजे ठोक्यांच्या तालावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अंदाज येतो आणि मॅपिंगचा बराच वेळ वाचतो. पण व्हीटी मोडली की तो पुन्हा हवा तेव्हा काढता येत नाही. घरच्यांना वाटतं जुना ईसीजी कशाला, आणि फाइल हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये पडून राहते. शिवाय तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत पुसट होतो, मिळाला की लगेच झेरॉक्स काढ आणि मोबाइलवर फोटो घेऊन भावाला पाठव. सोबत मशीनची प्रिंट, इको, अँजिओग्राफीची सीडी, गोळ्यांची यादी. एवढं असलं की सेकंड ओपिनियनसाठी बाबांना हलवायचीही गरज नाही.

खर्च लाखांत जातो, त्यात एकदाच वापरायच्या कॅथेटरचा वाटा मोठा असतो, म्हणून पॅकेजमध्ये काय धरलंय ते लिहून घ्या आणि पॉलिसी असेल तर आधीच प्रीऑथ, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज टाका. आयुष्मान कार्ड असेल तर हॉस्पिटलच्या आयुष्मान मित्राला विचारा, वयावरून सगळ्यांना मिळणारं कार्ड सत्तरीनंतरचं आहे तेव्हा बाबांना ते इतक्यात नाही.

काकांना नमस्कार सांग. आपल्या इंदुरात कोणी भरती झालं की बघायला येणारा प्रत्येक जण पोह्यांसोबत एक नुस्खा देऊन जातो, प्रेमापोटीच देतात. पण डागातला करंट काढ्याने थांबत नाही, आणि इतक्या गोळ्यांबरोबर काय द्यायचं ते डॉक्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. गोळी बंद करून काढा, हे तर अजिबातच नाही.

आता बाबा. तू पत्रात त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यास आणि मला त्याच सगळ्यात जास्त खटकल्या. शुद्धीत असताना चार शॉक बसलेल्या माणसाला पाचव्याची वाट बघत जगायला लागतं, ही भीती खरी असते, तिला मनाचे खेळ म्हणायचं नाही. असे लोक ज्या खोलीत शॉक बसला ती खोली टाळतात, अंघोळ टाळतात, जिना टाळतात, ठोका वाढेल म्हणून हसणंसुद्धा टाळतात. तुम्ही तिघं चौघं त्यांच्या डोक्यावरून वाद घालताय आणि ते गप्प आहेत, एकदा त्यांना विचारा की बाबा तुम्हाला काय हवंय, आणि ईपीवाल्यांशी बोलताना पंधरा मिनिटं त्यांना एकट्यांना डॉक्टरशी बोलू द्या. लागलं तर मनाच्या डॉक्टरकडे न्या, लाज कसली, फक्त तिथे अमिओडॅरोन चालू आहे हे आवर्जून सांगा कारण तिच्याबरोबर काही गोळ्या चालत नाहीत.

मधल्या काळात परत शॉक बसला तर काय, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. एकच बसला आणि बाबा ठीक आहेत तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. दुसरा बसला, किंवा एकातच चक्कर, छातीत दुखणं, दम असं काही असेल तर १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल, स्वतः गाडी काढून फिरत बसू नका. शुद्ध हरपली आणि श्वास नीट नाही तर छाती दाबायला लागा, मशीन आहे म्हणून थांबू नका. शॉकच्या वेळी हात लागला तर तुम्हाला फार तर किंचित झिणझिणी येईल, इजा होत नाही. आईंना हे नक्की सांग, मला शंका आहे की त्या घाबरून त्यांच्याजवळ बसत नसतील.

अब्लेशन झाल्यावर घरी निघण्याआधी एक प्रश्न तूच विचार, मशीनचे शॉक परत चालू केले का? करतातच, तरी विचार. आठवडाभर जड उचलायचं नाही, जांघेत सूज किंवा रक्त दिसलं तर दाबून धरायचं आणि फोन करायचा, रक्त पातळ करायची गोळी काही आठवडे देतात ती मनाने बंद करायची नाही.

स्कूटर. शॉक बसल्यावर साधारण तीन ते सहा महिने गाडी चालवू नका असंच डॉक्टर सांगतात, आणि बाबांचा हिशोब शेवटच्या शॉकपासून धरायचा, अब्लेशन झालं म्हणून तो आपोआप कमी होत नाही. आणि मागे पोरगी बसणार असेल तर मी अजूनच कडक होईन. तोपर्यंत शाळेसाठी व्हॅन लावा, आणि डॉक्टर चालायला हो म्हणाले की बाबांना संध्याकाळी नातीला घेऊन बागेत पायी जाऊ द्या, मोबाइल मात्र डाव्या खिशात मशीनवर नको, उजव्या खिशात ठेवायला सांग.